जडसंग्रहातल्या एकतीस गोगलगायी

घाबरणं या विषयात माझा हात धरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मी फोन वाजला की घाबरतो, आणि बराच वेळ वाजला नाही तरी घाबरतो. पाकिटावर माझं नाव टाइप केलेलं असलं की आधी पाणी पितो, मग पाकीट उघडतो. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत मात्र कोणालाही ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती. तिसरीच्या मुलांना शिकवायचं तर मास्तर निदान त्यांच्यापेक्षा तरी धीट असावा लागतो, आणि बावीस वर्षं मी आवाज चढवून, भुवया आखडून ते सोंग बरं वठवलं होतं.

तर एक दिवस वरून परिपत्रक आलं. मुलांनी पुस्तकातून विज्ञान शिकू नये, वर्गाबाहेर जावं, हाताने करून पाहावं. मुख्याध्यापिकाबाई, ज्यांना आम्ही आपसात मोठ्या बाई म्हणतो, त्यांनी ते सभेत मोठ्याने वाचून दाखवलं आणि विषय वाटायला घेतले. दुसरीच्या बाईंनी झटकन लोहचुंबक मागून घेतलं. चौथीच्या सरांनी ओल्या कापसातल्या बिया घेतल्या. मी तेवढ्यात चष्मा पुसत होतो. चष्म्याशिवाय मला समोरचं नीट दिसत नाही, म्हणून कोणी माझ्या दिशेने पाहतंय असं वाटलं की मी सुरक्षिततेसाठी मान हलवतो. चष्मा घातला तेव्हा मोठ्या बाई वहीत लिहीत होत्या, "तिसरी, परिसरातील लहान सजीव. सर स्वतःहून तयार."

लहान सजीव! माझ्या अंगावर काटा आला. वाघाची मला तेवढी भीती वाटत नाही. वाघ मऊ नसतो, बुळबुळीत नसतो आणि बाकाखालून निघत नाही.

शाळेच्या मागे एक भिंत आहे आणि भिंतीशी गळका नळ आहे. वर्गाच्या दारापासून तिथपर्यंत बेचाळीस पावलं. पण वर्गाबाहेर जायचं म्हणजे परवानगी, आणि परवानगीचा फॉर्म एकच, तो सहलीचा. कारकुनाने तो माझ्यापुढे सरकवला. त्यात ठिकाण, अंतर, मुक्काम आणि वाहन असे रकाने होते.

"मागच्या भिंतीपर्यंत जायचंय हो," मी म्हटलं.

"मग लिहा की. अंतर लिहा."

"बेचाळीस पावलं."

"किलोमीटरमध्ये लिहा."

मी लिहिलं. मुक्काम नाही असं लिहिलं. वाहनाच्या रकान्यात 'पायी' लिहिलं, तेव्हा चालकाचं नाव विचारलं गेलं आणि तिथे मी माझंच नाव घातलं. चार दिवसांनी मंजुरी आली. सोबत प्रथमोपचार पेटी न्यावी अशी सूचना होती, ती मला मनापासून पटली.

जाण्यापूर्वी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत एक नियम लिहिला. 'जे दिसेल तेच लिहायचं. ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही.' प्रत्येकाला एक निरीक्षण वही दिली. हा नियम मला कसा सुचला ठाऊक नाही, पण लिहिल्यावर तो मला फार आवडला, आणि पुढचे दोन आठवडे मी तो येता-जाता म्हणत होतो. इतका चांगला नियम माणसाने फळ्यावर लिहिण्याआधी नीट विचार करायला हवा.

नळापाशी गोगलगायी होत्या. पाचपन्नास तरी असतील. मुलांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या आणि मी प्रथमोपचार पेटी छातीशी धरली. पाच मिनिटांत एकतीस मुलांच्या एकतीस तळहातांवर एकतीस गोगलगायी चालू लागल्या. वर्गात चौदा नंबरची एक मुलगी आहे. तिच्या हातात कायम फूटपट्टी असते आणि ती दिसेल ते मोजते, म्हणून मुलं तिला मोजपट्टी म्हणतात. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सर, धरा. हिचं पोट गार लागतं."

"निरीक्षण करणाऱ्याने लांबून पाहायचं असतं," मी म्हटलं. माझा आवाज थोडा पातळ आला. मग सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे आहे असं पाहून मी वहीच्या पुठ्ठ्यावर ती गोगलगाय उचलली आणि हात शक्य तितका लांब ठेवून सोबत आणलेल्या काचेच्या पेटीत सोडली. हे कोणाच्या लक्षात आलं नाही याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटली.

पेटी वर्गात आली आणि पाठोपाठ कारकून आला.

"या कुठल्या नोंदवहीत घेतल्या?"

"गोगलगायी आहेत हो त्या."

"वर्गात आलेली वस्तू नोंदवहीत चढलीच पाहिजे. नोंदवह्या दोन. एक वापरून संपणाऱ्या वस्तूंची, खडू, शाई वगैरे. दुसरी जडसंग्रहाची, बाकं, फळे, कपाटं. तुमच्या गोगलगायी वापरून संपतात का?"

मी नाही म्हटलं. वापरून म्हणजे नेमकं कसं, ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

"मग जडसंग्रह. एकतीस नग. आणि जडसंग्रहाच्या प्रत्येक नगावर नंबर रंगवलेला लागतो."

त्या संध्याकाळी बायको ड्रेसिंग टेबलापाशी शोधाशोध करत होती.

"अहो, माझं लाल नेलपॉलिश कुठे गेलं?"

"ते... शाळेच्या कामाला घेतलंय."

बायकोने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात तिने मला इतकं निरखून कधी पाहिलं नसेल. गोगलगायींचं सांगितल्यावर ती हसून हसून खाली बसली. "तुम्ही? तुम्ही तर परवा कोबीतल्या अळीला पाहून स्टुलावर चढला होतात!" हे तिने शेजारीही सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून लोक मला जिन्यात थांबवून अळीबद्दल सल्ले देऊ लागले.

नंबर मुलांनीच रंगवले. ज्या मुलाचा हजेरी नंबर, तोच त्याच्या गोगलगायीचा. मी देखरेख केली, म्हणजे दाराशी उभा राहिलो. रोज सकाळी आधी मुलांची हजेरी आणि मग गोगलगायींची. आणि खरं सांगायचं तर वर्ग कधी नव्हे इतका रंगला. काकडी आवडते की पान, उजेडाकडे जातात की अंधाराकडे, एका मिनिटात किती लांब जातात, हे सगळं मुलं शोधून काढत होती आणि लिहीत होती. वर्गात मला आनंद होत होता. वर्गातून निघताना शर्टाची कॉलर दहादा तपासत होतो, ते वेगळं.

मग मोठ्या बाईंनी सांगितलं की गुरुवारी तपासणीचे साहेब येणार. ते इतर काही पाहोत न पाहोत, जडसंग्रह मोजतात. एक नग कमी भरला तर वर्गशिक्षकाच्या सेवापुस्तकात लाल शाईचा शेरा पडतो. त्यांनी याआधी तपासलेल्या शाळेत एका मास्तरांच्या वर्गात एक स्टूल कमी निघालं आणि ते मास्तर अजून त्याचे खुलासे लिहितायत म्हणे. माझ्या सेवापुस्तकात बावीस वर्षांत लाल शाईचा एक ठिपकाही नव्हता. मी काही पराक्रम केलेला नाही, पुरस्कार मिळवलेला नाही. माझ्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

शनिवारी पेटीचं झाकण लावताना एक गोगलगाय झाकणाच्या जाळीला आतून चिकटलेली दिसली. तिचं ओलं पोट जाळीतून थोडं बाहेर आलं होतं. झाकण घट्ट दाबायचं म्हणजे बोट तिथेच ठेवावं लागलं असतं. मी वरच्यावर दोरी गुंडाळली आणि घरी आलो.

सोमवारी मी सर्वांच्या आधी पोचलो. झाकण कलंडलं होतं. मी मोजलं. चोवीस. परत मोजलं. चोवीस. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सात नग गेले होते, त्यात चौदा नंबरही होता. मी गुडघ्यांवर बसून बाकांखाली पाहिलं, पण फार आत पाहायचा धीर झाला नाही, कारण सापडली असती तर उचलावी लागली असती. मुलं आली तेव्हा पेटीवर टेबलक्लॉथ होता. "आज त्यांना विश्रांती," मी म्हटलं. मग हजेरी घ्यायला बसलो. बावीस वर्षांच्या सवयीने हात चालत राहिला आणि मी एकतीसच्या एकतीस गोगलगायी हजर लावल्या.

शाईने लिहिलेलं खोडता येत नाही. आता नोंदवही खरी ठरवायची तर सात गोगलगायी आणायला हव्या होत्या. नळ नेमका रविवारी दुरुस्त झाला होता, त्यामुळे भिंत कोरडी ठणठणीत होती. राहिली होती आमच्या समोरच्या काकांची बाग. मंगळवारी सकाळी साडेसहाला मी बायकोची भाजीची पिशवी आणि एक चिमटा घेऊन काकांच्या फुलझाडांत शिरलो. प्रत्येक गोगलगाय चिमट्यात आली की डोळे मिटायचे, पिशवीत टाकायची, मग श्वास घ्यायचा. सहा झाल्या. सातवीसाठी मी ओणवा झालो आणि डोळ्यांसमोर दोन पायांतल्या चपला आल्या.

"काय शोधताय मास्तर?"

माझी बोबडी वळली. तोंडातून कसाबसा एकच शब्द निघाला. "गोगलगायी."

काकांचे डोळे भरून आले. "अहो, वर्षभर मी सांगतोय या सोसायटीत सगळ्यांना, की या गोगलगायी माझी एक कुंडी शिल्लक ठेवत नाहीत. कोणी ढुंकून पाहिलं नाही. आणि तुम्ही न सांगता, सकाळी सकाळी..." त्यांनी मला मिठी मारली. पिशवी आम्हा दोघांच्या मध्ये होती, आणि तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही.

काकांच्या पोटात काही राहत नाही. साडेसातला बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी दारात डबा घेऊन उभ्या. "मास्तर गोगलगायी नेतात असं कळलं. आमच्याकडच्याही घ्या, मीठ टाकून मारायला जीव धजत नाही बाई." त्यांच्यामागे वाण्याकडे काम करणारे आजोबा एक बादली घेऊन आले. बादलीवर ताट झाकलेलं होतं आणि ते ताट हळूहळू एका बाजूला सरकत होतं. बायको म्हणाली, "अहो, आत घ्या ना, लोक उभे आहेत." मी आत घेतल्या. नाही म्हणायलाही धैर्य लागतं. मग सात निवडून बाकीच्या मी शाळेच्या वाटेवरल्या ओढ्याकाठी सोडल्या, आणि ओढ्याकडे पाठ करून पळत सुटलो.

नंबर या खेपेला मीच रंगवले, चिमट्यात धरून. चौदातल्या चाराला शेपूट लांब आली. पण पहिला तास सुरू झाला तेव्हा पेटीत एकतीस होत्या आणि मी जरा टेकलो.

मोजपट्टी पेटीपाशी उभी होती. बराच वेळ उभी होती. तिने चौदा नंबरला फूटपट्टी लावली, उलट बाजूने पुन्हा लावली.

"सर, गोगलगायी लहान होतात का?"

"होतात ना. विश्रांती घेतली की आकसतात."

"शंखपण?"

"हो... थोडासा."

"हे तुम्ही बघितलंय का ऐकलंय?"

मी खडू शोधू लागलो. ती जागेवर गेली आणि हाताचा आडोसा करून वहीत काहीतरी लिहू लागली. सात-आठ ओळी असाव्यात. सात-आठ ओळींनी माणूस किती घाबरू शकतो ते मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी वह्या गोळा करून वाचाव्या म्हटलं, तर मोठ्या बाईंनी त्या आधीच मागवून घेतल्या होत्या. साहेबांना दाखवायच्या म्हणून कव्हरं घालायची होती. बुधवारी मी तीनदा ऑफिसात जाऊन आलो. तिन्ही वेळा कारकून वह्यांच्या गठ्ठ्यावर कोपर टेकवून बसला होता.

त्याहून वाईट गोष्ट मला बुधवारी दुपारी जाणवली. लाल शेऱ्याची भीती होतीच, पण मोजपट्टीने माझ्याकडे बघायचं सोडलं होतं. मी प्रश्न विचारला तर उत्तर फळ्याकडे बघून देत होती, त्या नियमाकडे. मला फार वाईट वाटलं.

गुरुवारी साहेब आले. किरकोळ माणूस, आवाज इतका हळू की ऐकायला वाकावं लागे. ओरडणाऱ्या साहेबांपेक्षा हे फार भयंकर असतं. त्यांनी बाकं मोजली, फळा मोजला, गोगलगायी मोजल्या. "एकतीस. ठीक." मोठ्या बाईंनी श्वास सोडला. मी अजून धरूनच होतो.

"कपाटाचा नंबर दिसत नाही," साहेब म्हणाले.

"मागच्या बाजूला आहे साहेब," कारकून अभिमानाने म्हणाला. "नियमाप्रमाणे मागेच घालतो." आणि त्याने व मी मिळून कपाट पुढे ओढलं.

मागे भिंतीला ओल होती. ओलीवर शेजारी शेजारी, सावलीत, निवांत सात गोगलगायी होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर सुबक लाल नंबर होता.

मुलांनी आनंदाने बाकं वाजवली. साहेब वाकले, भिंतीकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग नोंदवहीकडे. "चौदा नंबर इथे आहे. चौदा नंबर तिथेही आहे."

"साहेब, कमी असतं तर समजू शकतो," कारकून पुटपुटला, "पण जास्त?"

"खरी कोणती?" साहेबांनी मला विचारलं.

माझी पाचावर धारण बसली. डोक्यात फक्त ते स्टूलवाले मास्तर आले. तेवढ्यात मोजपट्टी उभी राहिली.

"भिंतीवरची माझी. वहीत लिहिलंय."

कव्हर घातलेली वही गठ्ठ्यातून निघाली. साहेब आपल्या हळू आवाजात वाचू लागले, आणि वर्ग इतका शांत झाला की शब्दन् शब्द ऐकू आला. "'मंगळवार. सर म्हणाले ही चौदा नंबर आहे. मला तशी दिसत नाही. माझी तीन सेंटिमीटर आणि वर दोन रेघा. ही दोन सेंटिमीटर आणि सहा रेघा. माझीच्या शंखाला टोकाशी चीर आहे. हिला नाही. सर म्हणाले आकसते. ते मी ऐकलं, दिसलं नाही.'"

त्यांनी पानं मागे उलटली. "'पहिला दिवस. सरांनी गोगलगाय पुठ्ठ्याने उचलली. सर मागे सरकले. सरांना घाम आला.'" त्यांनी दुसरी वही उचलली. "'सर दाराशी उभे राहतात.'" तिसरी. "'सर रोज कॉलर बघतात.'" चौथ्या वहीत एक चित्र होतं. गोगलगाय छोटी होती, मी मोठा होतो, आणि आमच्यामधल्या फरशा मोजून लिहिल्या होत्या. पाच.

एकतीस वह्या, आणि एकतीसही जणांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कोणी हसलं नव्हतं, कोणी चिडवलं नव्हतं. दिसलं म्हणून लिहिलं होतं, एवढंच.

मला वाटलं मला मेल्याहून मेल्यासारखं होईल. झालंही. पण लपवायला काही उरलंच नाही, तेव्हा तोंड आपोआप उघडलं.

"सात पळाल्या," मी म्हटलं. साहेबांकडे न पाहता वर्गाकडे पाहून म्हटलं. "मी घाबरून झाकण नीट लावलं नाही. मग शेऱ्याला घाबरून सात नव्या आणल्या आणि हजेरी खोटी लावली. शंख आकसत नाही. ते मी खोटं सांगितलं." मग मोजपट्टीला म्हटलं, "तू लिहिलंस ते बरोबर आहे."

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. साहेबांनी खिशातून लाल पेन काढलं, पण लगेच लिहिलं नाही. "भिंतीवरच्या सगळ्या पेटीत ठेवून घ्या," ते म्हणाले. "वाळतील."

मी पुठ्ठा शोधला. सगळ्या वह्यांना गुळगुळीत कव्हरं होती आणि त्या साहेबांपुढे होत्या. मोजपट्टी भिंतीपाशी गेली, तिने चौदा नंबर अलगद सोडवली आणि माझ्यापुढे आली.

"सर, हात सपाट ठेवा. बोटं नका वाकवू. ती चावत नाही, मी बघितलंय."

मी हात पुढे केला. भीती गेली होती असं म्हणणं खोटं होईल. भीती पूर्वीपेक्षा जास्त होती, कारण आता सगळे उघडपणे पाहत होते. ती उतरली. गार होती, ओली होती, आणि तिचं एवढंसं वजन तळहातावर पुढे सरकत होतं ते मला कळत होतं. मला ओरडावंसं वाटलं. पेटीपर्यंत पाच फरशा होत्या. मी चाललो.

साहेब गेले. जडसंग्रहात त्यांनी लिहिलं होतं, 'सात नग जास्त.' आणि माझ्या सेवापुस्तकात, बावीस वर्षांत पहिल्यांदा, लाल शाईत, 'हजेरीत खोटी नोंद. शिक्षकांनी कबूल केली. मुलांची निरीक्षणे अत्यंत अचूक.' मी ते ऑफिसात उभ्याने वाचलं आणि आधी पाणी प्यायचं विसरलो.

शाळा सुटल्यावर वह्या माझ्या टेबलावर परत आल्या. मी दार लावून चौदा नंबरची उघडली.

'गुरुवार. आज सरांनी माझी गोगलगाय हातावर घेतली. सरांचा हात हलत होता. पाच फरशा. सर मागे सरकले नाहीत. गोगलगाय पडली नाही.'